उबुंटूचा कुठला फ्लेवर घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा आधार (म्हणजे अपडेट मिळणं) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चांगले चालते लॅपटॉप केवळ विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत म्हणून कपाटात जायला लागले. तेव्हापासून माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न ‘लिनक्स टाकू का?’ हा नसतो, ‘त्यातलं कुठलं टाकू?’ हा असतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, आणि उबुंटू हे तिचं एक रूप. लोकांचे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक २४.०४ (एप्रिल २०२४) या आवृत्तीची आहेत. नियम पुढच्या आवृत्त्यांनाही तेच.

१. उबुंटू म्हणजे एकच सिस्टिम ना? मग कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू ही काय भानगड आहे?

सिस्टिम एकच आहे. लिनक्समध्ये डेस्कटॉप, म्हणजे खालची पट्टी, मेनू, फायलींची खिडकी, सेटिंग्ज, हा भाग कर्नेलपासून (हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा) वेगळा असतो आणि तो बदलता येतो. कॅनॉनिकल कंपनी जे मुख्य उबुंटू काढते त्यात ग्नोम हा डेस्कटॉप असतो. त्याच पायावर केडीई बसवला की कुबुंटू, एक्सएफसीई बसवला की झुबुंटू, एलएक्सक्यूटी बसवला की लुबुंटू. या प्रत्येकाला ‘फ्लेवर’ म्हणतात. ते बहुतेक स्वयंसेवकांच्या गटांनी सांभाळलेले असतात, पण अधिकृत असतात आणि मुख्य उबुंटूसोबत त्याच दिवशी बाहेर पडतात.

कर्नेल तोच आणि सॉफ्टवेअरचं भांडारही तेच. त्यामुळे ‘लुबुंटूवर लिबरऑफिस चालेल का?’ किंवा ‘कुबुंटूवर व्हीएलसी मिळतो का?’ याचं उत्तर कायम ‘हो’ असंच असतं.

२. एकूण फ्लेवर आहेत तरी किती? आणि इतके का?

पहिलं उबुंटू ऑक्टोबर २००४ मध्ये आलं, म्हणून त्याचा क्रमांक ४.१०. आकडा म्हणजे वर्ष आणि महिना, बाकी काही गूढ नाही. सहाच महिन्यांत, ५.०४ ला, कुबुंटू आलं. ६.०६ ला झुबुंटू, ७.०४ ला ध्वनी-चित्र करणाऱ्यांसाठी उबुंटू स्टुडिओ, आणि ११.१० पासून लुबुंटू अधिकृत यादीत. (तेव्हा पोस्टाने फुकट सीडी मागवता यायच्या. परदेशातून आलेलं ते पुठ्ठ्याचं पाकीट ज्यांनी फोडलंय त्यांना हा परिच्छेद वाचताना थोडं हसू येईल. २०११ मध्ये ती सोय बंद झाली.)

नंतरची भर मात्र रागलोभातून पडली आहे. २०११ मध्ये ग्नोमने जुनं रूप टाकून ग्नोम ३ आणलं आणि उबुंटूने त्याच वर्षी ११.०४ मध्ये स्वतःचा युनिटी डेस्कटॉप पुढे केला. दोन्हींवर चिडलेल्या लोकांनी जुन्या ग्नोम २ ची प्रत घेऊन ‘माते’ सुरू केला. (नाव दक्षिण अमेरिकेतल्या पेयावरून घेतलंय, इंग्रजी ‘मेट’वरून नाही.) त्यातून उबुंटू माते आलं आणि १५.०४ ला अधिकृत झालं. पुढे १७.१० मध्ये कॅनॉनिकलनेच युनिटी सोडून ग्नोम स्वीकारला, तेव्हा ‘उबुंटू ग्नोम’ नावाचा वेगळा फ्लेवर अनावश्यक होऊन मुख्य उबुंटूत विरला. मग युनिटीचे चाहते नाराज झाले आणि २२.१० ला ‘उबुंटू युनिटी’ अधिकृत झालं. बजी डेस्कटॉपचं उबुंटू १७.०४ ला आलं, सिनॅमन डेस्कटॉपचं २३.०४ ला. त्याच २३.०४ ला शाळांसाठीचं एज्युबुंटू बऱ्याच वर्षांनी परत आलं. चीनसाठी कायलिन आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही.

मुख्य उबुंटू सोडून ही झाली दहा चालू नावं. इतक्या नावांनी भांबावू नका. दहापैकी नऊ जणांची निवड उबुंटू, कुबुंटू, झुबुंटू आणि लुबुंटू या चारांत संपते.

३. सगळं आतून सारखंच असेल तर फरक नक्की कुठे पडतो?

रोजच्या वापरात पाच ठिकाणी: हात कशाला सरावलाय (प्रश्न ६), मशीन किती जुनं आहे (प्रश्न ४ आणि ५), मराठी टायपिंग कसं बसवायचं (प्रश्न ७), आधार किती वर्षं मिळणार (प्रश्न १०) आणि पडद्यावरची अक्षरं नीट मोठी होतात का. शेवटचा मुद्दा कुणी विचारत नाही, पण चौदा इंची फुल एचडी पडद्यावर चाळिशीनंतर तोच सगळ्यात आधी बोचतो. १०० टक्के ठेवलं तर अक्षरं बारीक, २०० केलं तर पडद्यावर काही मावत नाही. ग्नोम आणि केडीई मधले १२५, १५० टक्के बऱ्यापैकी सांभाळतात. झुबुंटूत अक्षरांचा आकार वेगळा, चिन्हांचा वेगळा असं जमवत बसावं लागतं. माझ्या मते मेमरीच्या फरकापेक्षा हा फरक मोठा आहे.

४. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. लुबुंटू टाकलं की पळेल ना?

थोडा पळेल. किती, ते नीट समजून घ्या, नाहीतर निराश व्हाल.

नुकतंच सुरू केलेलं, काहीही न उघडलेलं मुख्य उबुंटू साधारण एक जीबीच्या वर मेमरी घेतं. लुबुंटू किंवा झुबुंटू त्याहून काहीशे एमबी कमी. म्हणजे बचत काहीशे एमबीची, आणि ती ४ जीबीत नक्कीच जाणवते. पण त्यानंतर तुम्ही काय उघडता? ब्राउझर. आणि ब्राउझर कुठल्याही फ्लेवरमध्ये तेवढीच मेमरी खातो.

शिकवण्या घेणाऱ्या ओळखीच्या एका बाईंचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. भाच्याने लुबुंटू टाकून दिलेलं, तरी ‘लटकतो’ ही तक्रार. टास्क मॅनेजर उघडून त्यांच्याच हाताने रोजचं काम करायला सांगितलं. मेल, शाळेचं पोर्टल, दोन पीडीएफ, एक व्हिडिओ, आणि कधीच न मिटवलेले अकरा टॅब. डेस्कटॉपचा वाटा त्यात चिमूटभर होता. ब्राउझरने अडीच जीबी गिळलं होतं, उरलेलं हार्ड डिस्कवर ढकललं जात होतं आणि डिस्कचा दिवा अखंड पेटलेला. मी फ्लेवर बदललाच नाही. हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली, लुबुंटू पुन्हा टाकलं. तक्रार संपली.

तेव्हा क्रम असा धरा: आधी एसएसडी, मग जमलं तर ८ जीबी रॅम, मग फ्लेवर. पैसे घालायचेच नसतील तर ४ जीबीवर झुबुंटू किंवा लुबुंटू. दोघांत मी झुबुंटूला झुकतं माप देतो, कारण त्याच्या सेटिंग्ज एका जागी सापडतात. लुबुंटूत त्या दोन-तीन ठिकाणी विखुरल्यासारख्या वाटतात. उबुंटूची स्वतःची शिफारसही मुख्य उबुंटू २४.०४ साठी किमान ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागेची आहे. पण ‘किमान’ म्हणजे सुरू होईल, सुखाने चालेल असं नाही.

५. माझ्याकडे त्याहूनही जुना संगणक आहे, ३२-बिटचा. त्यावर?

उबुंटूचा कुठलाही चालू फ्लेवर नाही. ३२-बिटची आयएसओ (इंस्टॉल करायची फाइल) असलेली शेवटची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची आवृत्ती (प्रश्न १०), १८.०४, तीही फक्त काही फ्लेवरमध्ये, आणि त्यांचा आधार २०२१ मध्ये संपला. जुनी आयएसओ शोधून टाकू नका, बँकेचं काम तर त्यावर अजिबात नको. डेबियन (उबुंटू ज्याच्या पायावर उभं आहे ती लिनक्स) १२ ची ३२-बिट आवृत्ती मिळते, डेबियन १३ पासून तीही थांबली.

मशीन ६४-बिट आहे पण रॅम २ जीबीच, असं असेल तर लुबुंटू चढेल. लिहिणं, हिशेब, गाणी होतील. आजच्या वेबसाइट मात्र रडवतील.

६. विंडोजची सवय आहे. आईबाबांना द्यायचंय. कुठलं सोपं जाईल?

कुबुंटू. डाव्या कोपऱ्यात मेनूचं बटण, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, डेस्कटॉपवर चिन्हं. आईने विचारलेला पहिला प्रश्न ‘स्टार्ट कुठंय?’ असेल तर इथे बोट दाखवता येतं. सिनॅमन आणि झुबुंटूही याच वळणाचे. झुबुंटूत पट्टी वर असते, पण तिच्या सेटिंगमधलं ‘लॉक’ काढलं की ती धरून खाली ओढता येते.

मुख्य उबुंटू वेगळ्या वळणाचं आहे. डावीकडे उभी पट्टी, वर बारीक पट्टी, आणि एक बटण दाबलं की सगळ्या उघड्या खिडक्या पसरून दिसतात. ज्यांनी मोबाइल जास्त आणि संगणक कमी वापरलाय, त्यांना हेच सोपं जातं असा माझा अनुभव आहे. म्हणजे वडील निवृत्त कारकून असतील तर कुबुंटू, आणि आई फक्त फोनवर वाढलेली असेल तर मुख्य उबुंटू.

कुबुंटूचा एक तोटा सांगतो. त्यात प्रत्येक गोष्ट बदलता येते, आणि बाबा ती चुकून बदलतात. पट्टी गायब झाल्याचे फोन येतील. पट्टीवर उजवी क्लिक, ‘एडिट मोड’ नको, ‘अनडू’ शोधा, असं फोनवर समजावताना रविवार सकाळ जाते.

७. मराठी टायपिंग सगळ्यात चांगलं कुठल्या फ्लेवरमध्ये चालतं?

सगळ्यांत चालतं. बसवायची पद्धत निराळी आहे, आणि ती तुम्ही कसं टाइप करता यावर ठरते.

इनस्क्रिप्टवाले सुखी आहेत. इनस्क्रिप्ट हा नुसता कीबोर्ड लेआउट आहे, एका कळीला एक अक्षर. त्याला कुठलंही वेगळं इंजिन (टाइप केलेल्या कळांचं मराठी करून देणारा प्रोग्रॅम) लागत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या लेआउटमध्ये जाऊन भारत, आणि त्याखाली मराठी निवडा. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, चारही ठिकाणी हे आहे. झुबुंटूत मात्र कीबोर्डच्या सेटिंग्जमधली ‘सिस्टिमचंच लेआउट वापरा’ ही खूण आधी काढावी लागते, नाहीतर भर घालायचं बटण निर्जीव दिसतं. निम्मे लोक इथे अडकतात आणि ‘झुबुंटूत मराठी नाही’ म्हणून मोकळे होतात.

बसलं की नाही ते तपासायला ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करून बघा. इंग्रजी कळा अशा: ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, तिरकी रेघ, ई. शिफ्ट-जे ने नुक्त्याचा ऱ येतो, डी म्हणजे हलन्त, तिरकी रेघ म्हणजे य. शिफ्ट विसरलात तर साधा र येऊन ‘दुसर्या’ होतं, रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि शब्द वाचवत नाही. दोष फ्लेवरचा नाही, फॉन्टचाही नाही, शिफ्टचा आहे. या साध्या लेआउटची एक मर्यादा आहे: क्ष, ज्ञ सारखी जोडाक्षरं एका कळीवर येत नाहीत, क, हलन्त, ष असं फोडून लिहावं लागतं.

‘namaskar’ लिहून ‘नमस्कार’ उमटावं अशी सवय असलेल्यांना इंजिन लागतं. मुख्य उबुंटूत आयबस नावाचं इंजिन आधीच असतं. त्यात एम१७एन चं पॅकेज टाकलं की मराठीच्या फोनेटिक, आयट्रान्स, गमभन अशा पद्धती ‘इनपुट सोर्स’मध्ये दिसू लागतात, आणि विंडोजचं चिन्ह असलेली कळ अधिक स्पेस दाबून भाषा बदलते. पॅकेज टाकल्यावर लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत काहीच दिसणार नाही. कुबुंटूत आयबसपेक्षा एफसिटिक्स ५ हे दुसरं इंजिन जास्त नीट बसतं. वेलँडवर (प्रश्न १४) ते ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन निवडावं लागतं, आणि टायपिंगची सोय त्या नावाखाली कुणी शोधेल असं ज्याला वाटलं त्याला माझा नमस्कार. लुबुंटू-झुबुंटूत इंजिन आधीच नसेल तर हाताने टाकावं लागतं आणि ‘इनपुट मेथड’ या साधनातून एकदा निवडून ठेवावं लागतं.

थोडक्यात, फोनेटिकवाले असाल आणि खटपट नको असेल तर मुख्य उबुंटू. इनस्क्रिप्टवाले असाल तर कुठलंही.

८. टायपिंग ठीक, पण अक्षरं विचित्र दिसतात. ल आणि श हिंदीसारखे येतात.

हा प्रश्न फ्लेवरचा वाटतो, पण तो फॉन्ट आणि भाषेच्या खुणेचा आहे. लोहित देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श आत असतो, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमला सांगितलं तरच तो बाहेर येतो. लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेजेस’ इथे जाऊन कॉम्प्लेक्स लिपीसाठी मराठी निवडा. हिंदी निवडलेलं असेल तर हिंदीच वळण येणार.

मेनू मराठीत हवे असतील तर भाषेचं पॅक टाकता येतं. अनुवाद पूर्ण नाही. अर्धा मेनू मराठी, अर्धा इंग्रजी असं धेडगुजरी रूप मिळतं. मी स्वतः इंग्रजीच ठेवतो.

९. माझं डीटीपीचं काम आहे, श्रीलिपीत. कुठला फ्लेवर घेऊ?

कुठलाच नको. निदान त्या मशीनवर तरी नको. ते सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, आणि जुन्या फायली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर त्या इथे उघडल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. कामाचं मशीन आहे तसं ठेवा. डिजिटल सहीचं टोकन लावून सरकारी पोर्टलवर रोज सह्या करणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला आहे.

१०. एलटीएस म्हणजे काय? आणि कुणी म्हणतं पाच वर्षं, कुणी तीन. खरं काय?

दोन्ही खरं. हा फरक लोक टाकून झाल्यावर शोधतात, म्हणून जरा थांबून वाचा.

उबुंटू दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतं. सम वर्षातल्या एप्रिलची आवृत्ती एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची: २०.०४, २२.०४, २४.०४. मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. (एकदाच, २००६ मध्ये, एप्रिलचा जून झाला, म्हणून ६.०६.) घरच्या वापराला एलटीएसच घ्या. दर नऊ महिन्यांनी अपग्रेड करायची हौस बाकीच्यांनी करावी.

मुख्य उबुंटू एलटीएसला ५ वर्षं अपडेट मिळतात. कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू वगैरेंना त्यांचे गट ३ वर्षांचं वचन देतात. म्हणजे २४.०४ घेतलं तर मुख्य उबुंटू २०२९ पर्यंत आणि फ्लेवर एप्रिल २०२७ पर्यंत.

मग एप्रिल २०२७ ला झुबुंटू बंद पडेल का? नाही. भांडाराचे कप्पे आहेत. कर्नेल आणि पायाभूत पॅकेजं ‘मेन’ कप्प्यात असतात, ती कॅनॉनिकल सांभाळते आणि तिथले सुरक्षा अपडेट पाचही वर्षं सगळ्या फ्लेवरना पोचत राहतात. एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी हे डेस्कटॉप ‘युनिव्हर्स’ कप्प्यात असतात, आणि तीन वर्षांनंतर त्यांतल्या चुका दुरुस्त करायला कुणी बांधील नसतं. पाया भक्कम राहतो, रंगकामाची हमी संपते. ‘उबुंटू प्रो’ला नाव नोंदवलं तर युनिव्हर्सचेही सुरक्षा अपडेट मिळतात आणि एकूण मुदत १० वर्षांपर्यंत जाते. वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे.

वडिलांच्या लॅपटॉपवर एकदा टाकून पाच वर्षं हात लावायचा नसेल, तर माझ्या मते हा एकच मुद्दा मुख्य उबुंटूच्या बाजूने पारडं झुकवायला पुरेसा आहे.

११. न टाकता आधी बघता येईल का?

येतं, आणि बघाच. आयएसओ डाउनलोड करा, पेनड्राइव्हवर चढवा, त्यावरून सुरू करा आणि ‘ट्राय’ म्हणा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. व्हेंटॉय नावाचं साधन पेनड्राइव्हवर एकदा बसवलं की पुढे आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. सुरू करताना यादी येते, हवी ती निवडा. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर चार फ्लेवर घेऊन मी फिरतो आणि समोरच्यालाच निवडायला लावतो. वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, एवढं तपासा. वेगाचा अंदाज मात्र पेनड्राइव्हवरून बांधू नका, तो नेहमी वाईटच येतो.

१२. मुख्य उबुंटू आहेच. त्यावरच कुबुंटूचा डेस्कटॉप टाकला तर दोन्ही मिळतील?

मिळतील. ‘कुबुंटू-डेस्कटॉप’ हे पॅकेज टाकलं की लॉगिनच्या वेळी खालच्या चक्रावर क्लिक करून कुठल्या डेस्कटॉपमध्ये जायचं ते निवडता येतं. मध्येच एक करड्या-जांभळ्या रंगाचा मजकुरी पडदा येऊन विचारतो की लॉगिनचा पडदा कुणाचा ठेवू, जीडीएम३ की एसडीडीएम. कुठलाही चालतो. ग्नोम सोडायचा नसेल तर जीडीएम३ ठेवा.

बसवणं सोपं, काढणं कटकटीचं. मेनूत दोन टर्मिनल, दोन फाइल मॅनेजर, दोन सेटिंग्ज दिसायला लागतात. एका बाजूची थीम दुसरीकडे शिरून बटणं बेढब होतात. आणि एक डेस्कटॉप काढायला गेलात तर त्याची शेपटं मागे राहतात. चार दिवस बघायचं असेल तर प्रश्न ११ ची वाट धरा. पक्कं ठरलं असेल तर घरच्या फायलींची प्रत काढून नव्याने इंस्टॉल करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

१३. स्नॅपबद्दल फार तक्रारी ऐकल्या. कुठल्या फ्लेवरमध्ये स्नॅप नाही?

स्नॅप म्हणजे सॉफ्टवेअर बांधून देण्याची कॅनॉनिकलची स्वतःची पद्धत. अधिकृत फ्लेवर नेहमीसारखा टाकला तर स्नॅप आहेच. २२.०४ पासून फायरफॉक्स सगळीकडे स्नॅप म्हणूनच येतो, २४.०४ पासून थंडरबर्डही. एपीटीने (पॅकेज टाकायची उबुंटूची जुनी, नेहमीची पद्धत) फायरफॉक्स मागितला तरी मागच्या दाराने स्नॅपच येतो. फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला वेळ लावतो हे खरं आहे, एसएसडीवर फारसं कळत नाही. फ्लॅटपॅक (स्नॅपसारखीच दुसरी पद्धत) २३.०४ पासून कुठल्याच फ्लेवरमध्ये आधी बसवून येत नाही, पण स्वतः टाकता येतो. स्नॅप नकोच असेल तर मोझिलाचं स्वतःचं एपीटी भांडार जोडा, किंवा प्रश्न १७ पाहा.

१४. एक्स११ आणि वेलँड, यात मी पडायचं का?

तुमचं एखादं जुनं साधन पडदा रेकॉर्ड करत असेल, दुसऱ्याच्या संगणकावर दुरून काम करू देत असेल किंवा कळांच्या जागा बदलत असेल, तर पडा. एरवी नाही. दोन्ही म्हणजे पडद्यावर चित्र काढायच्या पद्धती. वेलँड नवी. मुख्य उबुंटूने २५.१० मध्ये एक्स११ चं सेशन काढूनच टाकलं. कुबुंटू २४.०४ मध्ये एक्स११ हेच ठरलेलं होतं, २४.१० पासून वेलँड. झुबुंटू एक्स११ ला धरून राहिलेलं आहे, आणि अशा साधनांसाठी ती सध्या सोयच आहे.

१५. लॅपटॉप अगदी नवा आहे. वाय-फाय दिसत नाही. दुसरा फ्लेवर टाकून बघू?

नको, काही फरक पडणार नाही. वाय-फायचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये असतो आणि कर्नेल सगळ्यांचा एकच. तुम्ही बहुधा एलटीएसची पहिली आयएसओ घेतली आहे. २४.०४ कर्नेल ६.८ घेऊन आलं, २४.०४.२ मध्ये ६.११ आला आणि २४.०४.३ मध्ये ६.१४. शेवटच्या टिंबानंतरचा आकडा मोठा असलेली आयएसओ घ्या. तोवर फोन यूएसबीने जोडून इंटरनेट घ्या, ते लगेच चालतं.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि सिक्युअर बूट (सही असलेलेच ड्रायव्हर चढू देणारी सोय) चालू असेल तर इंस्टॉलच्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लिहून ठेवा. पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. आपण चहा आणायला जातो, तो निघून जातो, ड्रायव्हर चढत नाही आणि दोष फ्लेवरला लागतो.

१६. विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकलं. आता विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं!

बरोबर साडेपाच तास, म्हणजे कारण उघड आहे. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज ती स्थानिक समजून वाचतं. फ्लेवर कुठलाही असो, हे होऊ शकतं. उबुंटूला ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं. शेजारी टाकण्यापूर्वी विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) बंद करा, त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा, आणि मगच पुढे जा.

१७. मग मिंट का नको? सगळे तेच सांगतात.

नको असं मी म्हणालो नाही. मिंट हा फ्लेवर नाही, उबुंटू एलटीएसच्या पायावर उभी केलेली वेगळी सिस्टिम आहे. सिनॅमन डेस्कटॉप मूळचा त्यांचाच. त्यात स्नॅप नसतो, रूप विंडोजच्या वळणाचं, आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपला छान. पण ते एलटीएसच्या मागोमाग काही महिन्यांनी येतं. आणि तिथे अडलं तर ‘उबुंटूचं उत्तर’ बहुतेक वेळा चालतं, प्रत्येक वेळी नाही.

१८. मुलांसाठी एज्युबुंटू आणि रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ घ्यावंच लागतं का?

नाही. एज्युबुंटू म्हणजे मुख्य उबुंटू अधिक शिक्षणाची सॉफ्टवेअर, पूर्वप्राथमिक ते महाविद्यालय अशा गठ्ठ्यांत. तेच गठ्ठे तुमच्या आहे त्या फ्लेवरवर टाकता येतात. स्टुडिओचंही तसंच, त्याचा इंस्टॉलर वेगळा मिळतो. शाळेत एकदम वीस मशीन करायची असतील तर मात्र थेट एज्युबुंटूची आयएसओ घ्या.

१९. दृष्टिहीन व्यक्तीसाठी कुठला?

मुख्य उबुंटू किंवा माते. ऑर्का हा स्क्रीन रीडर ग्नोमच्याच घरातला, म्हणून या दोघांशी तो नीट बोलतो. मराठी वाचायला ईस्पीकचा आवाज आहे. यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर अडखळतो, पण वाचतो. लुबुंटू या कामाला नको.

२०. एलटीएसहून पुढच्या एलटीएसला जाताना फ्लेवर बदलतो का? आणि मला अजून अपग्रेडची सूचनाच का येत नाही?

फ्लेवर तोच राहतो. सूचना लगेच येत नाही, हे मुद्दाम ठेवलेलं आहे. एलटीएसवरून एलटीएसला जायचं आमंत्रण नव्या आवृत्तीचा पहिला ‘.१’ आल्यावर मिळतं, म्हणजे एप्रिलनंतर साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. तोवर बाकीच्यांनी चुका शोधलेल्या असतात.

अपवाद लुबुंटूचा. १८.०४ पर्यंत त्यात एलएक्सडीई होता, १८.१० पासून एलएक्सक्यूटी आला. दोन्ही इतके निराळे की त्या गटाने १८.०४ वरून वर जायचा रस्ताच ठेवला नाही. कुणाच्या कपाटात असा लॅपटॉप अजून असेल तर अपग्रेडच्या वाटेला जाऊ नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विसरू नका, आणि नवी आयएसओ घेऊन कोऱ्या डिस्कवर बसवा.